मांजरीच्या मेंदूतला गडद ठिपका

‘तुमचा सुप्त डीएनए जागवा’ अशा शिबिरांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर फिरतात. डीएनएचा काही भाग खरोखरच झोपलेला असतो. पण शरीरानं तो मुद्दाम झोपवलेला असतो, ध्यानानं आणि शुल्कानं तो उठत नाही.

ही झोप पहिल्यांदा दिसली मांजरीच्या चेतापेशीत. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि युअर्ट बर्ट्रम चेतापेशींचं निरीक्षण करत होते. काही मांजरांच्या पेशीकेंद्रकात एक गडद ठिपका होता, काहींच्या नव्हता. नोंदी ताडल्यावर उलगडलं, की ठिपका माद्यांतच आहे.

मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एक. गर्भाच्या सुरुवातीलाच मादीची प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स बंद करते, हे १९६१मध्ये मेरी लायन यांनी मांडलं. आईकडचा की वडिलांकडचा, ते चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं. पुढं त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत तीच निवड टिकते. मांजराचा काळा की नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्सवरच असतं; तिरंगी मांजर बहुतेक वेळा मादीच असते ती यामुळेच. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांनी तिच्या अंगावरची ही चिठ्ठी जरूर वाचावी.

बंद करण्याची रीत तर विलक्षण आहे. डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर सुमारे १४७ अक्षरजोड्या. या सगळ्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. बंद व्हायच्या एक्सवरचं झिस्ट जनुक एक लांबलचक आरएनए, म्हणजे स्वतःची नक्कल, बनवतं. त्यापासून प्रथिन तयार होत नाही. तो आरएनए आपल्याच गुणसूत्राला बिलगून पसरतो आणि प्रथिनांना बोलावतो. काही प्रथिनं हिस्टोनच्या शेपटांवरचे असिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे उतरवतात, काही तिथं मिथिल गट हे दुसरे तुकडे चढवतात, पुढं डीएनएवरही मिथिल बसतं. रिळं दाटीनं एकत्र येतात, जनुकं वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येत नाही. थोडी जनुकं निसटतात. बाकीचा होतो तो ठिपका.

मेंदूला लागणारं एक प्रथिन बनवणारं एमईसीपी-२ हे जनुक एक्सवरच आहे. त्याची एक प्रत बिघडली तर मुलीच्या मेंदूत निरोगी आणि आजारी चेतापेशी शेजारी शेजारी नांदतात. हाच रेट सिंड्रोम: काही महिने नीट वाढलेली मुलगी शिकलेले शब्द आणि हातांचा उपयोग गमावते. जनुकाचा हा संबंध १९९९मध्ये हुडा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवला. २००७मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटानं आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा सुरू केलं, आणि लक्षणं बरीचशी ओसरली! चेतापेशी मेलेल्या नव्हत्या.

आजारी चेतापेशीतही चांगली प्रत असतेच, त्या ठिपक्यात मिटून पडलेली. तेवढीच जागवण्याचे प्रयत्न चालू आहेत. सगळा एक्स उठून चालणार नाही, आणि एमईसीपी-२चं प्रथिन दुप्पट झालं तरी मेंदू आजारी पडतो.