दाजीपूरचा गवा टिकला कसा?

गवा उसात शिरला की 'जंगलच उरलं नाही' म्हणून आपण मोकळे होतो. कोल्हापूरच्या बाबतीत गोष्ट एवढी सरळ नाही.

सुरुवात पावसापासून. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पूर्वेला शिरोळात जेमतेम पाचशे. मधलं अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. शिवाय घाटावरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो. पुढे सात-आठ महिने कोरडे. वर्षभर फळांवर जगणाऱ्या प्राण्याचं इथे निभत नाही. सिंहपुच्छ वानर उत्तर कन्नडमधल्या सिरसी-होन्नावरच्या वर आढळत नाही, त्याचं एक मोठं कारण हा लांबलेला उन्हाळा. आपल्याकडे राहिले ते उन्हाळा काढू शकणारे: शेकरू, पिसोरी (सशाएवढं चिमुकलं हरीण), भेकर, सांबर, अस्वल, रानकुत्री आणि गवा.

यांतले कोण कुठे टिकले, हे मात्र माणसाने ठरवलं. संस्थानकाळात दाजीपूर हे छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या कुऱ्हाडीला बंदी, आणि त्या बंदीचा फायदा गव्याला झाला. शिकारीमुळे जनावर वाचावं हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पूर्वेच्या माळांना ते भाग्य लाभलं नाही. तिथे काळविटांवर पाळीव चित्ते सोडत. कोल्हापूरचे चित्तेवान त्यासाठी नावाजलेले होते. देशी चित्ते मिळेनात तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. 1952मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळ नांगराखाली गेले.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, 1958मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं. 1985मध्ये ते राधानगरीपर्यंत वाढून 351 चौरस किलोमीटरचं झालं. पण एका अंगाला भोगावतीवरचा राधानगरी जलाशय, दुसऱ्या अंगाला दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा. शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाने जिल्ह्याची शेती उभी केली, यात वाद नाही. पण खोऱ्यांतला सपाट, गवताळ तळ पाण्याखाली गेला. जिल्ह्यातल्या काही सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, बॉक्साइटच्या खाणी आल्या. धरणाच्या पाण्यावर जंगलाच्या कडेपर्यंत ऊस पोचला. गव्याला त्यात चारा, पाणी आणि लपायला जागा, तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात.

अलीकडे विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड इथे संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली, ती चांदोलीपासून तिळारीपर्यंतचं रान सलग राहावं म्हणून. मधली गावं आणि शेतं आहेत तिथेच आहेत.