चकमकींचा समतोल आणि साथीदार पात्रे

चकमकींचा समतोल : टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या आधारे पात्रे वठवण्याच्या खेळांत, एखादी लढत खेळाडूंच्या पात्रांना किती जड जाईल याचा अंदाज बांधून शत्रू निवडणे, आणि अंदाज चुकल्यास चालू खेळात तो सावरणे. इंग्रजी नाव एन्काउंटर बॅलन्सिंग. ही जबाबदारी गेम मास्टरची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या आणि शत्रू चालवणाऱ्या व्यक्तीची असते. पार्टीबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाबरोबर, आणखी कोणी चालू लागले, म्हणजे पगारी भालाईत, माणसाळलेला लांडगा किंवा कैदेतून सोडवलेली आणि मग सोबतच राहिलेली जादूगारीण, की हा अंदाज नव्याने मांडावा लागतो. साथीदाराची तलवार किती धारदार आहे हे त्यात दुय्यम असते. प्रत्येक फेरीत पार्टीच्या वाट्याला एक टर्न, म्हणजे कृती करण्याची एक पाळी, वाढला, ही खरी उलथापालथ.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला, तेव्हा समतोलाचे गणित जवळजवळ नव्हतेच. भुयाराचा मजला जितका खोल तितके राक्षस भयंकर, एवढा संकेत असे; कुठवर उतरायचे हे खेळाडू ठरवत. साथीदार मात्र पहिल्या दिवसापासून होते. पात्राच्या करिष्मा या गुणावरून त्याला किती साथीदार बाळगता येतील हे ठरे : कमीत कमी १, जास्तीत जास्त १२. त्यांची निष्ठाही फाशांवर तपासली जाई आणि वाईट वागवलेला साथीदार ऐन लढाईत पळून जाऊ शके. मोठी टोळी घेऊन उतरणे हा तेव्हा शहाणपणाचा मार्ग होता.

आकडेमोड आली ती २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत. प्रत्येक राक्षसाला चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती जड जाईल याचा आकडा, मिळाले. पार्टीच्या लेव्हलइतक्याच (लेव्हल म्हणजे पात्राने गाठलेली ताकदीची पायरी) रेटिंगची चकमक चार जणांच्या पार्टीची सुमारे २० टक्के साधनसामग्री, म्हणजे मंत्र, औषधे आणि हिट पॉइंट (किती मार सोसता येईल याचा आकडा), खर्च करायला लावील, असा तिचा अर्थ होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने एका फटक्यात मरणारे, फक्त १ हिट पॉइंट असलेले ‘मिनियन’ आणले. त्यामुळे शत्रूंची झुंड उभी करूनही लढत आटोक्यात ठेवता येऊ लागली. समतोलाच्या बाबतीत ही आवृत्ती बाकीच्यांपेक्षा जास्त विचारपूर्वक रचलेली होती.

टर्नची ताकद समजून घ्यायला २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे गणित सगळ्यात सोयीचे आहे. तिसऱ्या लेव्हलची चार पात्रे घेऊ. प्रत्येक शत्रूला त्याच्या ताकदीनुसार गुण असतात; या पात्रांसाठी ६०० गुणांची लढत मध्यम, ९०० ची अवघड आणि १,६०० ची प्राणघातक. चॅलेंज रेटिंग ३ चा एकटा राक्षस ७०० गुणांचा, म्हणजे मध्यम. आठ गॉब्लिन, म्हणजे छोटे दुबळे राक्षस, प्रत्येकी ५० प्रमाणे मिळून फक्त ४०० गुणांचे. तरी नियम सांगतो की शत्रू सात ते दहा असतील तर बेरजेला २.५ ने गुणा. उत्तर येते १,०००, आणि लढत अवघड ठरते. एकट्या राक्षसाच्या एका टर्नला पार्टी चार टर्ननी उत्तर देते. आठ गॉब्लिन मात्र एकाच जादूगारावर आठ बाण सोडू शकतात. खेळाडू यालाच ॲक्शन इकॉनॉमी म्हणतात. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये खऱ्या युद्धांसाठी मांडलेला वर्गनियमही हेच सांगतो : कोणीही कोणावरही नेम धरू शकत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता त्याच पार्टीत तिच्याच लेव्हलचे दोन साथीदार घाला आणि त्यांना पूर्ण सभासद धरा. सहा किंवा अधिक जणांच्या पार्टीसाठी गुणक एक पायरी खाली येतो, २.५ चा २ होतो. गॉब्लिन उरले ८०० गुणांचे. मध्यम लढतीची मर्यादा मात्र ९०० वर गेली. अवघड चकमक दोन पायऱ्या घसरून सोपी झाली, आणि एकाही खेळाडूचे पात्र तसूभरही बलवान झालेले नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी हा गुणक काढून टाकला. हिशेब सुटसुटीत झाला, पण पात्रामागे दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर ते नाजूक निवडावेत, असा सल्ला त्यांनाही द्यावाच लागला.

म्हणून साथीदारांचे चांगले नियम त्यांच्या टर्नवरच लगाम घालतात. २०१४ मध्ये रेंजरच्या (रानात वावरणाऱ्या योद्ध्याच्या) पाळीव प्राण्याला हल्ला करायला लावायचे तर रेंजरला स्वतःची ॲक्शन, म्हणजे टर्नमधली मुख्य कृती, द्यावी लागे. लगाम इतका घट्ट होता की प्राणी जवळ असण्याचा आनंदच हरवला. २०२० मध्ये त्याऐवजी बोनस ॲक्शन, म्हणजे टर्नमधली छोटी जादा कृती, पुरेशी झाली. पाथफाइंडर या वेगळ्या रोलप्लेइंग खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील तोडगा फारच नेटका आहे : मालकाने आपल्या तीनपैकी एक ॲक्शन दिली की प्राण्याला दोन मिळतात. फायदा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. माणूस साथीदारांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ‘साइडकिक’ नियम आहेत. योद्धा, जाणकार आणि मंत्रधारी असे त्यांचे तीन प्रकार. ते पार्टीबरोबर लेव्हल चढतात, मात्र खेळाडूंच्या पात्रांपेक्षा त्यांची कौशल्ये मोजकी असतात.

साथीदार चालवायचा कोणी, हा प्रश्न आकड्यांइतकाच महत्त्वाचा. गेम मास्टरने आधीच आठ गॉब्लिन हलवायचे आणि वर दोन साथीदारही, म्हणजे खेळाडूंनी त्याला स्वतःशीच लढताना पाहत बसायचे. लढाईत साथीदाराचे फासे खेळाडूकडे द्यावेत, त्याचे बोलणे, भीती आणि हट्ट गेम मास्टरने सांभाळावेत. ही वाटणी बहुतेक टेबलांवर टिकते. साथीदाराने कोडी सोडवू नयेत आणि शेवटचा घावही शक्यतो घालू नये. जखमा बांधणारा, दार धरून ठेवणारा, वाट दाखवणारा साथीदार खेळाडूंचे काही हिरावून घेत नाही.

कोणतीही चकमक सुटी मोजता येत नाही. २०१४ चे नियम दोन मोठ्या विश्रांतींच्या (ज्यांत खर्च झालेले मंत्र आणि हिट पॉइंट परत मिळतात) मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती गृहीत धरतात. दिवसाला एकच लढत झाली, तर खेळाडू सगळे मोठे मंत्र तिच्यावरच उधळतात आणि कागदावरची प्राणघातक लढत दोन फेऱ्यांत संपते. जखमा भरणारा साथीदार याच जागी फार जड ठरतो, कारण तो विश्रांतीची गरजच पुढे ढकलतो.

खेळ चालू असताना राक्षसाचे हिट पॉइंट गुपचूप बदलणे हा सोपा उपाय, पण खेळाडूंनी विश्वासाने घेतलेला निर्णय त्याने पोकळ होतो. त्यापेक्षा शत्रू दोन तुकड्यांत आणावेत. पार्टी दमली असेल तर दुसरी तुकडी उशिरा पोहोचते. जुन्या नियमांतील धैर्याचा फासाही परत वापरण्याजोगा आहे. म्होरक्या पडला किंवा अर्धे साथी गेले की दोन फासे टाकायचे. बेरीज ठरलेल्या धैर्याहून जास्त आली तर शत्रू पळतात. हाच फासा पगारी साथीदारांसाठीही टाकावा, आणि तो खेळाडूंच्या डोळ्यांसमोर टाकावा.