प्रेह विहार मंदिर-वाद

कंबोडिया-थायलंड सीमेवर डांग्रेक डोंगररांगेत, कड्याच्या अगदी टोकाला असलेलं ख्मेर (प्राचीन कंबोडियन) शिवमंदिर आणि त्याच्या मालकीवरून चाललेला वाद. थाई लोक याला खाओ फ्रा विहान म्हणतात, शिलालेखांत देवाचं नाव शिखरेश्वर आहे. सुरुवात कधी झाली यावर एकमत नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस इथे आश्रम असावा असं बरेच जण मानतात, पण आज उभं आहे ते बहुतेक बांधकाम ख्मेर राजा पहिल्या सूर्यवर्मनच्या काळातलं, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, आणि काही त्यानंतरचं, हेच जास्त पटतं. ख्मेर मंदिरं सहसा पूर्वेकडे तोंड करून असतात, हे मात्र उत्तरेकडे. त्यामुळे चढायची सोपी वाट थाई बाजूने आणि कंबोडियाकडून सरळ कडा, आणि निम्मी भानगड तिथेच आहे.

तेव्हा कंबोडिया फ्रान्सच्या ताब्यात होता आणि थायलंडचं नाव सयाम होतं. १९०४ च्या फ्रान्स-सयाम करारात सीमा पाणलोट रेषेवरून, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना वाहून जातं त्या धारेवरून, जाईल असं ठरलं. तसं बघितलं तर मंदिर सयामकडे जातं असा थायलंडचा दावा. पण नकाशे काढायला सयामकडे माणसं नव्हती म्हणून ते काम फ्रेंच अधिकाऱ्यांनीच केलं, आणि १९०७ च्या त्यांच्या नकाशात मंदिर कंबोडियात दाखवलं गेलं. हरकत घ्यायची सोडून सयामच्या राजपुत्र दामरोंगने आभार मानले, वर आणखी १५ प्रती मागवल्या! हाच दामरोंग १९३० मध्ये पुरातत्त्वाच्या दौऱ्यावर मंदिर बघायला आला तेव्हा फ्रेंच अधिकारी फ्रेंच झेंडा लावून त्याच्या स्वागताला हजर होता, तरी तक्रार नाहीच. १५ जून १९६२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं, त्यात नकाशाबरोबर या भेटीचाही हिशोब धरला गेला. १९५४ पासून, म्हणजे थाई ताब्यात असताना, उचललेल्या मूर्ती आणि शिल्पं परत करण्याचा मुद्दा मात्र ७ विरुद्ध ५ असा काठावर कंबोडियाच्या बाजूने गेला.

२००८ मध्ये युनेस्कोने मंदिर जागतिक वारसा यादीत घेतलं, कंबोडियाच्या अर्जावर. त्या अर्जाला पाठिंबा देणाऱ्या थाई परराष्ट्रमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे २०११ मध्ये तोफा चालल्या, त्याच न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मंदिराखालचा सगळा सुळका कंबोडियाचा ठरवला, शेजारची फ्नोम ट्रॅप टेकडी त्यात धरली नाही. जुलै २०२५ मध्ये या सीमेवर परत लढाई झाली.

पर्यटक पूर्वी मुख्यतः थाई बाजूनेच यायचे. तो दरवाजा २००८ पासून बंद झाला, मग कंबोडियाच्या खड्या रस्त्याने पिकअप नाहीतर मोटारसायकलवर बसून वर जावं लागायचं.