मीन्स टेस्टमध्ये काय वजा होतं, आणि आम्ही आधी पे-स्टब का मागतो

न्यू जर्सीत चॅप्टर ७ बँकरप्सीसाठी, म्हणजे कर्जमाफीच्या दिवाळखोरी अर्जासाठी, आमच्याकडे येणारे बहुतेक जण खर्चाची यादी करूनच येतात. घरभाडं, किराणा, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डांची बिलं, सगळं बेरजेसकट. आणि उत्पन्न म्हणून लिहिलेला असतो बँकेत जमा होणारा पगार. तो आकडा मीन्स टेस्टमध्ये, म्हणजे तुम्ही चॅप्टर ७ मध्ये बसता का हे ठरवणाऱ्या उत्पन्न-खर्चाच्या हिशेबात, चालत नाही. पुढे सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं आणि तुमचे दोन-तीन आठवडे जातात.

मीन्स टेस्टला लागतो कापाकापीच्या आधीचा पगार, आणि तोही अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांच्या सरासरीने. बँकेत जमा होणाऱ्या पगारातून हेल्थ इन्शुरन्स आधीच गेलेला असतो. यादीत तो पुन्हा लिहिला की एकच रक्कम दोनदा वजा होते. ४०१(के) या निवृत्ती खात्यात स्वखुशीने टाकलेले पैसे किंवा त्यावरच्या कर्जाचा हप्ता चॅप्टर ७ मध्ये वजाच होत नाही, पण बँकेतल्या आकड्यातून तो गेलेला असतो. करही पे-स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) कापलेला न धरता प्रत्यक्ष देणं लागणारा धरतात. वर्षाला ३,६०० डॉलर रिफंड येत असेल, तर कराच्या वजावटीतून महिना ३०० डॉलर कमी करायचे. म्हणून सहाही महिन्यांचे सगळे पे-स्टब आणि शेवटचं टॅक्स रिटर्न आणा. मोबाइलवरचा बँकेचा स्क्रीनशॉट पुरत नाही.

तुमचं उत्पन्न राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा कमी निघालं, तर या वजावटींपर्यंत जावंच लागत नाही. कर्ज मुख्यतः धंद्याचं असेल तरीही मीन्स टेस्ट लागत नाही. दुकान किंवा मोटेल चालवणाऱ्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं.

उत्पन्न मध्यम उत्पन्नाच्या वर निघालं तर अन्न, कपडे, घरगुती सामान यांसाठी आयआरएस या करखात्याचे ठरलेले आकडे लागतात. किराण्याची बिलं जपून ठेवायची गरज नाही. खर्च कमी असला तरी ठरलेली रक्कम पूर्ण मिळते. घराचा आकडा काउंटीप्रमाणे बदलतो. गाडीचं कर्ज फिटलेलं असेल तर मालकीखर्चाची (गाडी घेण्याच्या हप्त्याची) वजावट नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं; पेट्रोल-देखभालीची मात्र मिळते. क्रेडिट कार्डाचे हप्ते अजिबात वजा होत नाहीत. जे कर्ज माफ व्हावं म्हणून अर्ज करायचा, त्याचाच हप्ता खर्चात कसा धरणार?

आईवडिलांना पुण्या-कोल्हापूरला पाठवता ते पैसे धरता येतात का, हे सगळेच विचारतात. ते वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग असतील, स्वतःचा खर्च त्यांना झेपत नसेल आणि तुम्ही तो आधीपासून नियमित करत असाल, तर वाजवी रक्कम धरता येते. पैसे पाठवल्याच्या पावत्या, औषधांची बिलं आणि त्यांच्या पेन्शनचा कागद हवा. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं फार कठीण जातं. आणि भारतातला फ्लॅट, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, पोस्टातली ठेव, हे सगळं अर्जात दाखवायचं असतं. लपवलं तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते.

फोनवर ‘मी बसतो का?’ विचारलं तर आम्ही हो-नाही सांगत नाही. यावर काही जण नाराज होतात. पण अर्जावर तुम्ही शपथेवर सही करता, आणि चौकशी करूनच अर्ज पुढे नेणं आमच्यावरही बंधनकारक आहे. कागद समोर असले की उपयोगाच्या गोष्टी दिसतात. मार्चमध्ये मोठा बोनस मिळाला असेल, तर ऑक्टोबरमध्ये दाखल केलेल्या अर्जाच्या सरासरीत तो येत नाही. नुसता महिना नीट निवडून कुणी चॅप्टर ७ मध्ये बसतं, नाहीतर तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचं चॅप्टर १३ उरतं.

पहिल्या भेटीची फी नाही. नवरा-बायकोपैकी एकच अर्ज करणार असेल तरी एकाच घरात राहत असाल तर दोघांचे पे-स्टब आणा.

आम्ही डेट रिलीफ एजन्सी आहोत. बँकरप्सी कायद्याखाली दिलासा मिळवण्यासाठी अर्ज करायला आम्ही लोकांना मदत करतो.