मत्स्यालयाचे एलईडी दिवे : डिमर व वीजपुरवठ्याची निवड

घरगुती मत्स्यालयावरील एलईडी दिव्यांचा उजेड सुरक्षितपणे कमी-जास्त करता यावा, यासाठी दिव्यांचा प्रकार, डिमरची पद्धत आणि वीजपुरवठ्याची क्षमता यांचा मेळ घालावा लागतो. अंधारात एकदम लख्ख उजेड पडला की मासे बिथरतात. पाणवनस्पतींच्या टाकीत गरजेपेक्षा जास्त उजेड मिळाला की शेवाळ माजते. नव्याने आणलेले प्रवाळ तर सुरुवातीला मंद उजेडात ठेवून हळूहळू तीव्र उजेडाला सरावू द्यावे लागतात. दुकानात पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॉटचा अडॅप्टर देऊ?’ असा येतो. वॉटचा हिशेब खरे तर सर्वांत शेवटी करायचा असतो.

एलईडीचा उजेड त्यातून वाहणाऱ्या विद्युतधारेवर ठरतो. पांढऱ्या व निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट आणि तांबड्याला सुमारे २ व्होल्ट दाब लागतो. मात्र एलईडी तापला की हा आकडा खाली येतो, त्यामुळे बाहेरून दिलेला दाब तेवढाच राहिला तर धारा वाढते, धारा वाढली की एलईडी आणखी तापतो आणि अखेरीस जळतो. म्हणून ३५० किंवा ७०० मिलिअँपिअरवर चालणाऱ्या, उष्णताशोषक पट्टीवर बसवलेल्या सुट्या एलईडींना स्थिर धारा देणारा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे उपकरण) लागतो. १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडींच्या चिकटपट्टीत धारेला आवर घालणारे रोध आधीच बसवलेले असतात. तिला स्थिर दाबाचा अडॅप्टर पुरतो. या दोहोंची अदलाबदल करू नये.

यानंतर डिमरची पद्धत ठरवावी. चिकटपट्टीच्या बाबतीत अडॅप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) डिमर बसवतात. हा डिमर सेकंदाला शेकडो वेळा वीज जोडतो व तोडतो, आणि जोडलेल्या काळाच्या प्रमाणात डोळ्यांना उजेड जाणवतो. हाच डिमर स्थिर धारेच्या ड्रायव्हरनंतर बसवणे ही नेहमी आढळणारी आणि महागात पडणारी चूक होय : वाट तुटताच ड्रायव्हर आपला दाब वर चढवतो आणि वाट पुन्हा जुळताच वाढलेल्या दाबाचा झटका एलईडींना बसतो. स्थिर धारेच्या ड्रायव्हरला मंद करण्याची आज्ञा त्याच्या स्वतंत्र नियंत्रण-तारांवरूनच द्यावी लागते. ही आज्ञा काहींत १ ते १० व्होल्टच्या दाबाने, तर काहींत पीडब्ल्यूएम संकेताने दिली जाते. पहिल्या प्रकारात दिवा साधारणतः दहा टक्क्यांपर्यंतच मंद होतो आणि पूर्ण विझवण्यासाठी वेगळा टायमर लावावा लागतो. पंख्याचा रेग्युलेटर २३० व्होल्टच्या बाजूस जोडून साध्या अडॅप्टरचा उजेड कमी करू पाहणे धोक्याचे आहे. अडॅप्टर लुकलुकतो, गुणगुणतो आणि निकामी होतो.

सागरी टाकीत निळ्या व पांढऱ्या एलईडींच्या स्वतंत्र माळा असतात आणि पहाटेचा व संध्याकाळचा उजेड वेगवेगळा साधायचा असतो. तेथे एकाच स्थिर दाबाच्या पुरवठ्यावर प्रत्येक माळेसाठी एक छोटा ड्रायव्हर बसवण्याची रचना सर्वांत सोयीची ठरते. तैवानच्या मीन वेल कंपनीची एलडीडी-एच मालिका छंदवर्तुळात यासाठी परिचित आहे. तिचे नियंत्रण-टोक ५ व्होल्टच्या पीडब्ल्यूएम संकेतावर चालते, त्यामुळे ते आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या नियंत्रक-बोर्डाला थेट जोडता येते, पण १० व्होल्टचा संकेत दिल्यास बिघडते. समजा, एका माळेत १२ एलईडी एकसर (एकापुढे एक) जोडले असून ७०० मिलिअँपिअरवर प्रत्येकी ३.१ व्होल्ट घेतात. माळेला ३७.२ व्होल्ट आणि सुमारे २६ वॉट लागतील. असा ड्रायव्हर दाब उतरवूनच देतो, म्हणून पुरवठा माळेपेक्षा किमान ३ व्होल्टने चढा हवा. येथे ४८ व्होल्टचा योग्य होय. तीन माळांचे ७८ वॉट, त्यात ड्रायव्हरमधील घट धरून सुमारे ८२ वॉट होतात. पुरवठा त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा या शिरस्त्याने किमान १०३ वॉटचा, म्हणजे बाजारातला ४८ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा घ्यावा. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात बंद कपाटात ठेवायचा असल्यास ही राखीव क्षमता आणखी वाढवणेच शहाणपणाचे.

जाळीदार पत्र्याच्या पेटीतला उघडा पुरवठा टाकीच्या झाकणाखाली कधीही ठेवू नये. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार तेथे वाळून जोडांवर पांढरी पापडी धरते, आणि दमट हवेत ती ओल धरून वीज वाहू लागते. आयपी६७ दर्जाचा (धूळ व पाणी आत न शिरणारा) बंदिस्त पुरवठाही पाण्याच्या पातळीपासून दूर, बाजूला बसवावा. तार सॉकेटपर्यंत नेताना ती सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब तिच्या तळाशी गळून पडतो. पुरवठ्याचे अर्थिंग जोडलेले असावे, मत्स्यालयाच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा अर्थगळती संरक्षक (वीज जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारे उपकरण) असावा आणि टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.