बाळंतिणीच्या उंबऱ्यापर्यंत: सुईण, सिस्टर आणि आशाताई

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेले. तेव्हा घरी जाऊन द्यायच्या सेवेची चर्चा आता कशाला, असे वाटू शकते. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि पुढचे दीड महिने घरातच काढते. त्या घरात सरकारतर्फे कोणी जायचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

सुरुवातीला उत्तर सुईण हेच होते. १९०३ च्या सुमारास व्हिक्टोरिया मेमोरियल निधीतून दाईंच्या प्रशिक्षणाला पैसा मिळू लागला. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने देशातले मातामृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे २० असल्याचे मांडले. शिकलेल्या प्रसाविका, म्हणजे प्रशिक्षित सुईणी, पुरेशा तयार होईपर्यंत दाईंनाच प्रशिक्षण द्यावे, असेही सुचवले. त्या प्रसाविका घडवण्यासाठी १९५१ मध्ये एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर मात्र त्याच बाईला बहुउद्देशीय कर्मचारी करण्यात आले आणि १९७७ मध्ये अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. ‘प्रसाविका’ हा शब्द पदनामात राहिला, पण उपकेंद्रातल्या सिस्टरचा दिवस लसीकरणात आणि कुटुंब नियोजनाच्या उद्दिष्टांत जाऊ लागला. माझ्या मते घरातली सरकारी सुईण आपण गमावली ती इथे.

मुलांचा सांभाळ वेगळ्या वाटेने आला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा विचार या कामातला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव सरकारी झाले. पण अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती काही तास चालते आणि तीन वर्षांखालच्या बाळाच्या वाट्याला बहुतेक वेळा घरी न्यायचा कोरडा आहारच येतो. शेतावर जाणारी आई तान्ह्याला कुठे ठेवणार, हे कोणाच्याच कामात बसले नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात मुळात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी असे लिहिले होते, पण तेही फक्त त्या कामापुरते.

घराकडे पुन्हा लक्ष वळवले ते गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे १९८० च्या दशकात काम सुरू केले. दाईंना मोठी मोजणी जमत नसे. म्हणून बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्यांच्या हाती एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी दिले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मग १९९३ पासून ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार झाल्या. त्या बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहत, बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत आणि जंतुसंसर्ग झाल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. इंजेक्शन शिकलेल्या माणसानेच द्यावे, या समजुतीला गावातल्या बायांनी दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

२०११ मध्ये केंद्राने ही पद्धत देशभर आशाताईंकडे, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांकडे, सोपवली. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. साऱ्या भेटींचा मोबदला मिळून २५० रुपये ठरला. दाराशी येणारी ही बाई कागदावर आजही ‘स्वयंसेविका’ आहे. शिजवणारी, शिकवणारी, वजन करणारी अंगणवाडी सेविकाही मानधनावरच. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. २०१८ मध्ये केंद्राने प्रसाविका परत घडवायचे धोरण आणले, परंतु त्यांची जागा रुग्णालयातल्या प्रसूती कक्षात आहे. बाळंतिणीच्या घरची पायवाट अजून आशाताईच तुडवते.