प्रगत मुखकर्करोगावरील उपचार

मुखकर्करोगाच्या तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत केले जाणारे उपचार. या अवस्थांत गाठ बहुधा ४ सेंमी.हून मोठी झालेली असते, जबड्याच्या हाडात वा गालाच्या कातडीपर्यंत गेलेली असते किंवा रोग मानेतील लसीका ग्रंथींत उतरलेला असतो. भारतात तंबाखू-सुपारीमुळे गाल व खालची हिरडी यांमधील खाचेत तो विशेष आढळतो.

गाठ काढण्याजोगी असल्यास शस्त्रक्रियेला प्राधान्य असते. स्वरयंत्राच्या कर्करोगात प्रारण (किरणोपचार) व औषधांनी अवयव वाचवण्याची पद्धत मुखाच्या बाबतीत तितकी मान्य नाही. गाठीसोबत जबड्याचा भाग आणि मानेतील ग्रंथी काढतात.

मानेच्या या शस्त्रक्रियेचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांना दिले जाते. त्यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मात्र पोलंडचे यावदिन्स्की यांनी १८८८ च्या सुमारास तशीच शस्त्रक्रिया केल्याचे वर्णन पोलिश भाषेत आहे व ते दीर्घकाळ बाहेर वाचले गेले नाही. अग्रमान यावदिन्स्की यांचा आणि पद्धतशीर मांडणी क्राइल यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मानेतील तिरपा स्नायू, आतील गळशीर व खांदा उचलणारी चेता राखणाऱ्या सुधारित पद्धतीबाबतही असेच घडले : अर्जेंटिनाचे सुआरेझ यांनी १९६३ मध्ये ती स्पॅनिशमध्ये मांडली, पण नाव पसरले ते इटलीच्या बोका यांचे.

काढलेल्या भागाची भरपाई छातीच्या स्नायूच्या पट्टीने (ही पद्धत आरियन यांनी १९७९ मध्ये मांडली) किंवा पायातील बारीक हाडाने करतात.

जखम भरल्यावर, शक्यतो सहा आठवड्यांच्या आत, सुमारे ६० ग्रे (प्रारणमात्रेचे एकक) प्रारण सुरू करतात. त्याआधी दात तपासून घेतात. ग्रंथीचे कवच फोडून रोग बाहेर आलेला असेल किंवा कापलेल्या कडेवर शिल्लक असेल, तर सोबत सिसप्लॅटिन हे कर्करोगविरोधी औषध देतात. याला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय व अमेरिकन चाचण्यांचा आधार आहे.

गाठ कवटीच्या तळाशी गेली असेल वा मानेतील मुख्य रोहिणीला वेढून असेल, तर उपचार बहुधा उपशामक (त्रास कमी करण्यापुरते) असतात. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०२० मधील चाचणीत मेथोट्रेक्झेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांनी मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेतील सिसप्लॅटिनने ६.१ महिने आढळले.